लाल बुडाची काडतुसं

वेल्मा प्रूइट केस वाळवायच्या टोपाखाली बसली की तिला वाटतं, आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच येत नाही. मग ती ओरडून बोलते. त्या दिवशीही डोक्याला रोलर्स, मांडीवर मासिक, आणि बाई रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आर्डिस, तुझा सासरा आमच्या ऑरिनला रायफल देऊन टाकतोय, माहितेय ना तुला? दुकानात गल्ल्याच्या वर टांगायला!"

आर्डिस स्कारच्या हातातला कंगवा थांबला. तिने टोप वर उचलला.

"कोणती रायफल, वेल्मा?"

"अगं, त्याच्याकडे दुसरी आहे कोणती? तीच! नुसती शोभेला, म्हणाला. ऑरिन शनिवारी न्यायला येतोय. मला वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल."

"आमचं बोलणं!" आर्डिस म्हणाली. "आमच्या घरात 'कॉफी आण' आणि 'दार लाव' याच्यापुढे बोलणं जात नाही."

तिने टोप परत खाली केला आणि आरशात पाहिलं. चेहरा उतरला होता. शनिवारी रायफल जाणार आणि रविवारी शिकारीचा हंगाम उघडणार. म्हणजे म्हाताऱ्याने दिवससुद्धा ठरवून निवडला होता. ती मनाशी म्हणाली, रायफल भिंतीवर गेली की हा माणूस हिवाळा काढत नाही. आणि ते खरंच होतं, तिने उगाच मनाला लावून घेतलं नव्हतं.

हाल्वोर स्कार म्हणजे आमच्या लार्च क्रीकचा नालबंद. माँटानाच्या या खोऱ्यातल्या निम्म्या घोड्यांच्या लाथा त्याने खाल्ल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यांना परत घातल्या होत्या, असं लोक म्हणत. तोंडाचा फटकळ. कुणाला चांगलं म्हणायची वेळ आली तर तो खोकायचा. पण दर शरद ऋतूत डोंगरावर जाऊन एक एल्क आणायचा, आणि घोड्याएवढं ते जनावर सोलून झालं की गल्लीतल्या प्रत्येक विधवेच्या दारात मांसाचं पुडकं ठेवून यायचा, तेही दार न वाजवता. कुणी आभार मानायला आलं तर म्हणायचा, "कुत्र्याने आणून टाकलं असेल."

त्याची रायफल तरुणपणी घेतलेली. तिचं माप 'दोनशे छप्पन्न'. बनवणारी कंपनी पहिल्या महायुद्धानंतरच बुडाली आणि काडतुसं दुसऱ्याच्या आधी मिळेनाशी झाली. बाकी अख्खं खोरं 'तीस-सहा' वापरायचं. सैन्याचं माप ते, कुठेही मिळतं. लोक म्हाताऱ्याला म्हणायचे, अरे, बाबा आदमच्या काळची ती रायफल, टाक आता आणि नवी घे. तो म्हणायचा, "बायकोही जुनीच आहे, तिलाही टाकू का?" बायको गेल्यावर त्याने हे म्हणणं सोडलं. रायफल नाही सोडली.

ती चालू राहिली ती लेलँडमुळे. लेलँड म्हणजे म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा आणि आर्डिसचा नवरा. तो तीस-सहाच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायचा. पितळेची ती पुंगळी, वर बारीक मान, खाली रुंद खांदा. तिची मान मऊ करायची, डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून आवळायची, खांदा मागे सरकवायचा, वरचं जास्तीचं कापायचं. झाली दोनशे छप्पन्न. फक्त बुडावरचा कारखान्याचा शिक्का तेवढा तीस-सहाचाच राहायचा, तो काही पुसता येत नाही. आणि तिथेच घोळ. अंग बदललेलं, नाव जुनंच. अंधाऱ्या पहाटे कुणी नुसता शिक्का वाचून भलत्या रायफलीत घातली तर अपघात ठरलेला. म्हणून लेलँड प्रत्येक बुडाला लाल रंग लावायचा.

तो लाल रंग कुठून यायचा, यावरून त्यांच्या घरात महाभारत झालं होतं. आर्डिसच्या पार्लरमधली चेरी नेलपॉलिशची बाटली सारखी खाली जायची. गिऱ्हाइकांवर संशय घेऊन झाला, उंदरांवर घेऊन झाला. शेवटी तिने नवऱ्याचं बोट लाल झालेलं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली, "कोण आहे ती?"

"एक नाहीये गं," लेलँड गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "डझनभर आहेत. सगळ्या बारीक मानेच्या."

त्यावर ती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. पुढे तीच त्याला एक बाटली आणून द्यायची.

मग एका वसंतात घाटात लाकडांचा ट्रक उलटला आणि लेलँड गेला. त्याआधीच्याच हिवाळ्यात त्याने जुन्या पुंगळ्यांच्या माना तडकल्या म्हणून सगळ्या भंगारात टाकल्या होत्या. उन्हाळ्यात नव्या करू, म्हणाला होता. तो उन्हाळा आला नाही.

तेव्हापासून हाल्वोर डोंगरावर गेलेला नव्हता. खिडकीशी बसायचा. स्वयंपाकघरातल्या फडताळात एक तंबाखूचा डबा होता, त्यात तीन काडतुसं उभी. "कंपनीची आहेत. शेवटची," तो सांगायचा. "ही संपली की हाल्वोर संपला." आणि डब्याला कुणी हात लावलेला त्याला खपायचं नाही. पहिल्या शरदात लोक बोलवायला आले, तर गुडघा दुखतोय म्हणाला. दुसऱ्या शरदात कुणी आलंच नाही.

त्या संध्याकाळी आर्डिसने पार्लर बंद केलं, घरी आली, कोट न काढताच विचारलं, "पा, रायफल देऊन टाकताय?"

"वेल्माचं तोंड म्हणजे गावचा भोंगा."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला काय सांगायचंय? तीन काडतुसांवर का हंगाम निघतो? भिंतीवर तरी बरी दिसेल."

"मी करते काडतुसं."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "तू? तू बायकांच्या बटा वळव, पोरी. पितळेच्या बटा वळत नाहीत."

"लेलँडचं सगळं सामान शेडमध्ये आहे."

"आहे ना. आणि दारू किती भरायची ते फक्त मला ठाऊक आहे. मी काही सांगणार नाही. कमीजास्त झालं तर तुझं तोंड उडेल, आणि मग माझी कॉफी कोण करणार?"

"तुमची कॉफी तुम्हीच कराल," आर्डिस म्हणाली, "आणि तेव्हा कळेल तुम्हाला माझी किंमत." तिने खिळ्यावरची शेडची किल्ली काढली. त्या किल्लीला लेलँडनंतर कुणी हात लावला नव्हता.

शेडमध्ये सगळं जसंच्या तसं होतं. बाकाला पक्की केलेली प्रेस, तिचा लांब दांडा, कॉफीचा मोठा डबा भरून तीस-सहाच्या पुंगळ्या, आणि एका फळीवर ओळीने तीन डाय. आर्डिसने सगळ्यात बारीक डाय उचलली. शेवटी इथेच पोचायचंय ना, मग थेट जाऊ, असा तिचा हिशोब. पुंगळी लावली, दांडा दाबला. कर्र झालं. बाहेर काढलं तर मान पार चुरगळलेली, घसरलेल्या मोज्यासारखी. दुसरी घेतली, तीही गेली. तिसरी डायमध्ये अशी अडकली की दांड्यावर अंग टाकून लोंबकळल्यावर सुटली. तिने लेलँडला दोन शिव्या हासडल्या. मग त्याच बाकावर डोकं ठेवून रडली. आणि मग नाक पुसून फळीकडे नीट पाहिलं. एक नव्हे, तीन डाय होत्या, मोठ्याकडून छोट्याकडे. अरे देवा, जिना होता तो! आणि ही बया खालून थेट गच्चीवर उडी मारत होती.

पण पायऱ्यांनी गेली तरी मान तडकायची. पितळ कडक होतं. तेव्हा तिला तिचा केकचा ट्रे आठवला. लेलँड तिचा चांगला ट्रे पळवायचा, त्यात पाणी घालून पुंगळ्या उभ्या करायचा, बूड पाण्यात राहील आणि मान वर, आणि गॅसच्या ज्योतीने एकेका मानेला शेक देऊन आडवी पाडायचा पाण्यात. ट्रे काळा केला म्हणून ती किती बोलली होती त्याला!

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्लरला कुलूप घालून तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावरच ट्रे मांडला. हाल्वोर खिडकीशी होता. बघायचं नाही असं ठरवून बसला होता, त्यामुळे सगळं बघत होता.

"कडक होईल," तो म्हणाला.

"मऊ होईल."

"पोरी, उभा जन्म मी लोखंड तापवलंय. लाल करून पाण्यात टाकलं की दगड होतं. नाल असाच करतात."

"हा नाल नाहीये, पा."

"धातू तो धातू! घाल पाण्यात, घाल. पुंगळी काय, खिळा होईल तिचा."

आर्डिसने मान शेकली, रंग जरासा पालटला तशी चिमट्याने आडवी पाडली. चर्र आवाज झाला. गार झाल्यावर ती म्हाताऱ्याच्या हातात दिली. "दाबा."

हाल्वोरने अंगठ्याने मान दाबली. ती निमूटपणे वाकली. त्याने पुंगळी डोळ्यांजवळ नेली, उलटसुलट केली, परत दाबली. लेलँडचं हे काम त्याने इतकी वर्षं फुकट खाल्लं होतं, पण ते होतं कसं याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"उलट्या खोपडीचं दिसतंय हे पितळ," तो शेवटी म्हणाला.

"या घरात राहून दुसरं काय होणार?" आर्डिस म्हणाली आणि ट्रे उचलून शेडकडे गेली. मागून म्हातारा खोकला. ते खोकणं ऐकून तिला जरा बरं वाटलं.

आता मान तडकत नव्हती, पण नवंच खूळ निघालं. प्रत्येक पुंगळीच्या खांद्यावर खड्डे. एकाला दोन, दुसऱ्याला तीन, कुणी बोटाने टोचल्यासारखे. डाय साफ केली, तरी खड्डे. दांडा हळू दाबला, तरी खड्डे. तिने पुंगळ्या बदलल्या, बाजू बदलली, देवाला हाक मारून झाली. शनिवार डोक्यावर आलेला. शेडच्या दाराशी काठीचा आवाज झाला. हाल्वोर आत आला नाही, उंबऱ्यावरच उभा राहिला.

"काय फासतेस त्याला?"

"लॅनोलिन, लोकरीतलं तेल. पार्लरमधलं. डायमध्ये अडकू नये म्हणून."

"दाखव हात."

तिने हात पुढे केले. कोपरापर्यंत चकचकत होते. हाल्वोरने कपाळाला हात लावला. "अगं, तू पितळेचा मसाज करतेयस का? ते जाणार कुठे, सांग! आत जागा नाही, मग खांद्यावर बसतं. घोड्याच्या खुराला तेल लावताना लेलँडलाही मी हेच ओरडायचो. नुसता वास लागला पाहिजे, बस."

आर्डिसला हसू आवरेना. इतकी वर्षं ती बायकांना सांगत आली होती, भरपूर लावा, जास्त लावलं तर बिघडत नाही. तिने हात पुसले, चिमटीत मावेल एवढंसं घेऊन पुंगळीवर फिरवलं आणि दांडा दाबला. पुंगळी बाहेर आली ती गुळगुळीत, खांदा अगदी साफ. ती उंबऱ्याकडे वळली तर म्हातारा निघून गेला होता. कौतुक करावं लागेल म्हणून पळाला असणार.

मान किती लांब ठेवायची, खांदा नेमका कुठे यायला हवा, हे बघायला तिला नमुना हवा होता. हाल्वोर मागे लाकडं फोडायला गेला तेव्हा तिने फडताळ उघडलं आणि तंबाखूच्या डब्यातलं एक काडतूस काढलं. आपल्या पुंगळीशी लावून पाहिलं, जुळत होतं. परत ठेवताना हातात उलटं झालं.

बूड लाल होतं.

चेरी. तिची चेरी. कडेने थोडं उडालेलं, मधे लेलँडच्या ब्रशचा तो आडवातिडवा फटकारा. तिने दुसरं काढलं, तिसरं काढलं. सगळी लाल. कंपनीचं एकही नव्हतं. म्हातारा दोन वर्षं धडधडीत खोटं बोलत होता आणि ती काडतुसं उभी ठेवत होता, बूड खाली, कुणाला दिसू नये म्हणून. आर्डिस स्टुलावर बसली. ओरडावं की रडावं, तिला कळेना. बाहेर कुऱ्हाडीचा आवाज चालू होता. तिने तिन्ही काडतुसं होती तशी डब्यात ठेवली.

रात्रीच्या जेवणाला तिने बटाट्याच्या लेफ्सा केल्या, पातळ पोळ्या, लोणी नि साखर लावून गुंडाळलेल्या, म्हाताऱ्याला आवडतात तशा. त्याने दोन संपवल्यावर ती म्हणाली, "पा, एक विचारू? कंपनीवाले नेलपॉलिश लावायचे का हो?"

हाल्वोरचा हात ताटलीवर थांबला. तो चिडेल, डबा आपटेल, असं तिला वाटलं. पण तो लेफ्साची कड कुरतडत राहिला.

"तीन आहेत," तो म्हणाला. "त्याच्या हातची. झाडली की गेली. मग माझ्याकडे काय राहतं सांग."

"पुंगळी राहते की!" आर्डिस म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने. "गोळी जाते, दारू जाते. पुंगळी कुठे जाते? ती हातात परत येते, पा. लेलँडने केलेली तीच तर आहे! बाकीचं भरता येतं."

"भरणार कोण?"

"मग मी आठवडाभर काय करतेय? माझ्या केकच्या ट्रेची पूजा?" तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. "तुम्ही त्या खिडकीत बसून वाळत चाललायत आणि मी रोज घरी येताना आधी खिडकीत बघते, डोकं दिसतंय का म्हणून. मला भीती वाटते, पा. एकाला पोचवून आलेय मी. मला दारूचं माप सांगा."

हाल्वोर उठला. तिला वाटलं, चालला झोपायला. पण त्याने खुंटीवरचा कोट घेतला.

"सांगून होणार नाही ते," तो म्हणाला. "तराजूचा काटा डोळ्याने बघावा लागतो. दिवा घे. आणि हात धुऊन ये, तेलकट हातांनी दारूला शिवायचं नाही."

शनिवारी सकाळी आर्डिसने बाक पुसला आणि चेरीची नवी बाटली फोडली. हाल्वोर एकेक काडतूस उलटं धरायचा आणि ती रंग लावायची. "लवकर वाळतं का हे?" त्याने विचारलं. "फुंकर मारा," ती म्हणाली. तर हा नालबंद, ज्याच्या आवाजाने घोडे सरळ व्हायचे, काडतुसाच्या बुडावर हळूहळू फुंकर मारत बसला.

मग दोघे गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेले. म्हाताऱ्याने तिला ट्रकच्या मागे उभं केलं. "पहिली माझी," म्हणाला. बार झाला, आवाज डोंगरावर आपटून परत आला. आर्डिसने डोळे उघडले तेव्हा हाल्वोर चष्म्यापुढे धरून पुंगळी तपासत होता. मान शाबूत, खांदा शाबूत, कुठे चीर नाही.

"बोला की!" ती ओरडली.

तो खोकला. चांगलं दोनदा खोकला.

दुपारी ऑरिन प्रूइट रायफल न्यायला आला. सोबत बायको वेल्माही होती, काही बघायचं राहू नये म्हणून. हाल्वोर दारातच उभा. "कशाला आलास?"

"अरे, रायफल! भिंतीवर खिळासुद्धा ठोकलाय मी."

"मग त्यावर तुझी टोपी टांग," हाल्वोर म्हणाला. "उद्या हंगाम उघडतोय, आणि या माणसाला रायफल हवीय! कामधंदा नाही का तुला?" आणि दार लावून घेतलं. बाहेर वेल्माने त्यावर काय म्हटलं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं.

रविवारी आर्डिसने ट्रक चालवला. रस्ता संपला तिथून दोघे चालत वर गेले. म्हातारा दर वळणावर थांबायचा आणि दृश्य बघतोय असं दाखवायचा. खिंडीशी पडलेल्या झाडामागे दोघे बसले. उजाडलं, लार्चच्या झाडांची पिवळी पानं दिसायला लागली, आणि समोरच्या उतारावर शिंगं हलली. मोठा नर होता, एकटाच, पाण्याकडे निघालेला.

हाल्वोरने खिशात हात घातला. आर्डिसने केलेली काडतुसं पट्ट्यात लावलेली होती, पण त्याने खिशातून तंबाखूचा डबा काढला. एक काढलं, बूड अंगठ्याने पुसलं, रायफलीत सरकवलं. रायफल खोडावर टेकली. एक बार, आणि एल्क गुडघ्यावर आला, आडवा झाला, पुन्हा हलला नाही.

लोक अशा वेळी रायफलीचा बोल्ट, मागचा तो दांडा, झटक्याने ओढतात आणि पुंगळी उडून कुठल्या कुठे जाते. हाल्वोरने तो हळूच ओढला, दुसरा हात खाली धरला आणि पुंगळी ओंजळीत घेतली. गरम होती. त्याने ती सोडली नाही. गार होईपर्यंत मूठ मिटून बसला, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं ते त्याने लपवलंही नाही.

मग त्याने आर्डिसचा हातमोजा ओढून काढला आणि पुंगळी तिच्या तळव्यावर ठेवली.

"घे. भर परत," तो म्हणाला. "आणि बुडाचा रंग उडालाय बघ. नवा लाव."